पंचावन्न गुणांचा आवाज

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात कुणाच्याही गाडीतून 'खर्र' आलं की मंडळी गुरुनाथ आठल्यांना बोनेटपाशी नेऊन उभं करत. मोटार कंपनीत तीस वर्षं इंजिनांचे आवाज तपासून निवृत्त झालेला हा माणूस नुसत्या कानाने दुखणं सांगे. त्याच कानापायी एका बेसबॉल क्लबने त्यांना पारखी म्हणून ठेवून घेतलं. क्लबच्या गावोगावच्या ज्युनिअर संघांचे सामने बघायचे आणि कुठल्या पोराच्या फटक्यात किती दम, त्याचे गुण द्यायचे. वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे चारचौघांसारखा. सत्तर म्हणजे याला सोडू नका.

आता घोटाळा असा, की गुरुनाथांचे वडील पुण्यात बोर्डाचे पेपर तपासत. हात इतका आखडता की पोटच्या पोराला निबंधात अर्धा गुण वाढवून दिला, त्या दिवशी घरात शिरा झाला होता. तो हात गुरुनाथांकडे जसाच्या तसा आलेला. चार वर्षांपूर्वी राउल नावाच्या पोराने बॉल थेट पार्किंगमध्ये टोलवला. ठाक्! तो आवाज ऐकून गुरुनाथांच्या अंगावर काटा आला. त्यांनी मोठ्या मनाने पंचावन्न दिले.

क्लबने त्याचा अर्थ 'साधारण' असा लावला. सीझन संपताच राउलला घरी पाठवलं. कुणी किती गुण दिले, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? जाताना मुद्दाम भेटून, हात हातात घेऊन "थँक यू, सर" म्हणाला. त्या तळव्यावरचे घट्टे गुरुनाथांच्या बोटांना अजून लागतात.

आवाजही गेला नाही. गराजमध्ये, जिन्यात, भरल्या बाजारात, ठाक्! की हे गर्रकन वळलेच.

"अहो, पोळपाट ठेवला मी," शोभनाताई म्हणत. "त्यालाही गुण देताय?"

तेव्हापासून त्या प्रत्येक सामन्याला सोबत येऊ लागल्या. क्रोशाचं विणकाम आणि चिवड्याचा डबा घेऊन.

या जूनमध्ये, राउल खेळला होता त्याच मैदानावर, कोल्टन नावाचा लांबोडका पोरगा बॅट घेऊन उभा राहिला. पोराला ठेवायचं की काढायचं, हे क्लब त्याच आठवड्यात ठरवणार होता. तिसऱ्या बॉलला ठाक्! बॉल पार्किंगमध्ये. गुरुनाथांनी आधी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत कुणी नव्हतं.

सामना संपला, लोक पांगले. गुरुनाथ फोनवर रिपोर्ट उघडून बसले. साठ लिहिलं. खोडलं. अठ्ठावन्न लिहिलं.

"हे काय? कमी कशाला केलेत?" शोभनाताई डोकावल्या.

"अगं, चुका आहेत त्याच्या. पाय हलतो."

"फटका कसा होता?"

"...तसाच."

"मग तेवढंच लिहा. मामंजी काही बघायला येत नाहीत."

गुरुनाथांनी सत्तर लिहिलं. डोळे मिटून त्यांनी 'सेंड' दाबलं.

मैदान रिकामं होतं. माळी पाण्याचा पाइप गुंडाळून केव्हाच निघून गेला होता. आणि त्या रिकाम्या मैदानातून, अगदी स्वच्छ, ठाक्!

गुरुनाथ हलले नाहीत. पण डब्याचं झाकण लावता लावता शोभनाताईंचा हात थांबला. त्यांनी मैदानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"याला किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऐंशी," गुरुनाथ म्हणाले. लिहायला मात्र कुठे जागाच नव्हती.