नंबराभोवतीचा निळा चौकोन

समोरच्या सुमनकाकूंच्या घराला दिवाळीचा रंग चालला होता. दारापाशी आल्यावर रंगारी थबकला. तिथे भिंतीवर गेरूने घराचा जुना नंबर लिहिलेला आहे, एकशे सात.

"काकू, यावरून ब्रश फिरवू का?"

"अरे नको रे बाबा! नंबर पुसायचा नसतो."

आमच्या गल्लीत हे सगळेच पाळतात. मोजणीची माणसं कधीतरी येऊन आकडा लिहून जातात, आणि मग प्रत्येक रंगाच्या वेळी त्याच्याभोवती वीतभर चौकोन कोरा सोडायचा. पुसला तर सरकारदरबारी आपलं घरच उरणार नाही, अशी काहीतरी भीती. खरं तर नगरपालिकेने पत्र्याच्या नव्या पाट्या केव्हाच ठोकल्यात. काकूंचं घर आता बेचाळीस नंबर आहे. एकशे सातला कुणी विचारत नाही.

हेच सांगायला मी रस्ता ओलांडून गेलो आणि जवळून पाहिलं. भिंत पिस्त्याच्या रंगाची झाली होती, चौकोनात मात्र जुना गडद निळा होता. काकांनी हौसेने निवडलेला. तेव्हा काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. "घर आहे की दवाखाना?" म्हणाल्या होत्या. काका जाऊन आता बारा वर्षं झाली.

पाटीचं सांगायचं सोडून मी तिथेच पायरीवर टेकलो. आपली घरं मोजणाऱ्यांना कुठे ठाऊक असतं, आपण काय काय राखून ठेवतो ते.

रंगारी गेल्यावर काकू बाहेर आल्या. निळ्यावर पिस्त्याचा एक शिंतोडा उडाला होता. ओल्या पदराने त्यांनी तो घासून काढला. त्यात सातचा आकडा अर्धा पुसला गेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.