बंद मोटेलांच्या वाटेवर

सिंगापुरात सेम्बावांगला बाराव्या मजल्यावर राहणारा सुगत जहाजांच्या वेल्डिंगची तपासणी करायचा. वर्षभर राबायचा आणि जूनमध्ये दहा दिवस एकटाच पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जायचा. नवा हायवे झाल्यावर तिथल्या जुन्या रस्त्यावरची मोटेलं ओस पडली होती. त्यांचे फोटो काढायचं त्याला वेड होतं. गंजलेल्या पाट्या, कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव, दाराला अजून लटकणारी एखादी किल्ली. त्याचे वडील यादवराव नागपूरहून जैसलमेरकडे ट्रक न्यायचे आणि घरी आले की वाटेतल्या मुक्कामांच्या गोष्टी सांगायचे. सिंगापुरात जुनं काही फार दिवस उभं राहत नाही, त्यामुळे ते खूळ त्याच्या डोक्यात आणखीच पक्कं बसलं.

त्याच्या बायकोला, रुपालीला, हे कधी पटलं नाही. "माणसं सोडून गेलेल्या घरांत तुला काय सापडतं रे?" ती विचारायची. पण बॅग तीच भरून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी तो रेंज नसलेल्या मुलखात शिरला आणि मंगळवारी सकाळी रुपाली स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीनं, एकतानं, ॲम्ब्युलन्स बोलावली, डॉक्टरांशी एकटीच बोलली, बापाला एकतीस फोन लावले. बुधवारी दुपारी रुपाली गेली.

गुरुवारी एका पेट्रोल पंपावर त्याच्या मोबाइलला रेंज आली. त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"एकता, मी..."

"कम होम, बाबा. जस्ट कम होम." तिनं फोन ठेवला.

अंत्यविधीत त्रिशरण म्हणताना दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज बसला. पुढचं सगळं एकतानं म्हटलं.

महिनाभर ती कामापुरतं बोलली. मग एका रविवारी तिनं त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवला.

"मंगळवारचे फोटो दाखव."

"कशाला, बाळा?"

"नऊ चाळीसला आई पडली. तेव्हा तू काय काढत होतास?"

तिथलं आणि इथलं घड्याळ एकच. नऊ एकोणचाळीस, नऊ बेचाळीस, नऊ सेहेचाळीस. सगळ्या फोटोंत एकच तलाव होता. भेगाळलेल्या निळ्या फरशा, तळाशी वाळू, प्लॅस्टिकची एक उलटी खुर्ची.

"सावली सरकायची वाट बघत होतो," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला सुचलंच नाही.

एकतानं फोटो मोठा करून पाहिला. "छान आलाय," म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आता ती पुंगोलला मैत्रिणीबरोबर राहते. रविवारी येते, आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, जेवते, जाते. जून आला तरी सुगत कुठे जात नाही. गेल्या रविवारी तिनं वरणफळं करायला घेतली.

"आई यात गूळ घालायची का?" तिनं विचारलं.

वीस वर्षं त्यानं ती आवडीनं खाल्ली होती. पण गूळ असायचा की नाही, ते त्याला आठवेना.