तांब्याच्या फोडांची माणसं

पार्टीत कुणी विचारलं, ‘काय करता?’ आणि मी म्हटलं, ‘जस्ताच्या चकत्यांवर तांब्याचा मुलामा चढवते,’ की समोरचा जांभई दाबतो. मग मी त्याला एक किस्सा सांगते. त्यावरून दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि ताटातलं जेवण थंड होतं. इतकी वर्षं झाली, पण हे किस्से संपायचं नाव घेत नाहीत!

आमचा कारखाना हॅनोव्हरपासून अर्ध्या तासावर, एका खेड्यात. परदेशी टांकसाळींसाठी आम्ही नाण्यांच्या कोऱ्या चकत्या बनवतो. आत जस्त, वरून केसापेक्षा पातळ तांबं. टांकसाळीत त्यावर छाप बसतो. मुलाम्यात जरा खोट राहिली, तर छापाच्या दणक्यानं ती उघडी पडते.

माणसं मोजकी. आमचे प्रमुख डॉर्नबुश. तपासणी सांभाळणारी पेट्रा. चाचण्या करणारा चिपळूणचा प्रसाद साळवी. आणि लॅब बघणारी मी, मेधा.

* * *

मुलामा नीट चिकटला नसेल, तर चकती भट्टीत तापवली की तांब्याला फोड येतो. साळवी नवीन होता तेव्हाची गोष्ट. भट्टीच्या काचेला नाक लावून तो ओरडला, “मेधाताई, पुरी फुगली!”

डॉर्नबुशनी विचारलं, “पुरी म्हणजे काय?” आम्ही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “गेनाऊ, अगदी बरोबर. चांगला शब्द आहे.” त्या दिवसापासून आमच्याकडे फोडाला पुरीच म्हणतात. मीटिंगमध्येसुद्धा!

दिवाळीला मी सगळ्यांना घरी बोलावलं. गरम पुऱ्या तळायला घेतल्या, तर पहिलीच फुगेना. सपाट, चिवट, तेलकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉर्नबुश मात्र शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. “पास!”

दुसरी टम्म फुगली. त्यांनी खिन्नपणे मान हलवली.

“आउसशुस,” ते म्हणाले. भंगार!

* * *

साळवीनं एकदा चकतीची कड किंचित खरवडली आणि ती आम्लात सोडली. आम्लानं आतलं जस्त सगळं खाल्लं, तांब्याला हात लावला नाही. उरली नुसती पोकळ तांब्याची डबी, फुंकरीनं उडेल अशी. कुठे भोक नाही, कुठे विरळ नाही. मुलामा इतका एकसारखा बसला होता!

त्यानं ती डॉर्नबुशच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवली. मग म्हणाले, “तक्रार करण्यासारखं काही नाही.”

साळवीला आनंद मावेना. जागच्या जागी त्यानं चिपळूणला फोन लावला. “बाबा, बॉस म्हणाले, तक्रार नाही!”

पलीकडून बाबा म्हणाले, “अरे, मग कौतुक कधी करणार?”

“बाबा, इकडे यालाच भारतरत्न म्हणतात!”

* * *

माझी मुलगी ईरा. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती उत्तर जर्मनमध्ये देते. शाळेत सगळ्यांनी आईवडलांचं काम सांगायचं होतं. माझा नवरा गाड्यांच्या दारांची हँडल्स डिझाइन करतो, ते तिनं झोकात सांगितलं. मग माझी पाळी आली.

संध्याकाळी शाळेतून घेऊन येताना तिच्या बाईंनी मला थांबवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. “तुम्ही नाण्यांवरच्या पुटकुळ्या शोधता म्हणे?”

वर्ग खो खो हसला होता. मला वाटलं, पोरगी रडली असणार. मी विचारलं, “मग ईरा काय म्हणाली?”

“ती म्हणाली, हसा. पण माझ्या आईला त्या सगळ्या सापडतात!”

घरी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. ती म्हणत होती, “ममा, दुखतंय!” तेही जर्मनमध्ये.

* * *

सासूबाई सांगलीहून राहायला आल्या, तेव्हा कारखान्यात घरच्यांना बोलवायचा दिवस होता. पाहुण्यांना एकेक छापलेली चकती भेट मिळाली. आईंची चकती स्वयंपाकघरात पडून जराशी काळवंडली. तांब्याची वस्तू काळी पडलेली त्यांना कशी चालेल? चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीनं त्यांनी ती अशी घासली की कडेनं करडं जस्त दिसायला लागलं.

“अगं मेधा, तुमचं तांबं फसवं निघालं!”

“अहो आई, आत जस्तच असतं. वरून तांबं आम्ही चढवतो.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे कल्हई. फक्त उलटी!”

सांगलीला परत गेल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं, सून जर्मनीत कल्हई करते. नवऱ्याच्या कानावर गेलं. त्यानं लगेच फोन केला. “अगं आई, ती इंजिनिअर आहे. मोठ्या हुद्द्यावर आहे.”

“मग? मी कमी सांगितलं का काही?” आई कडाडल्या. “कल्हई चुकली की ताक कळकतं. हिच्या हातचं कळकत नाही, हेही सांगितलंय!”

* * *

नाणी जमवणाऱ्यांना बिघडलेली नाणी फार प्रिय. एकदा एक गृहस्थ फाटकाशी आले. त्यांच्याकडे आमच्या चकतीवर छापलेलं एक नाणं होतं, त्यावर मोठा फोड. दुर्मिळ दोष आहे, तसं कंपनीनं लिहून द्यावं, एवढीच त्यांची विनंती होती.

पेट्रानं नाणं घेतलं. भिंगाखाली धरलं. मग कडेवरून रुमाल फिरवला. रुमालाला काजळी लागली.

“आल्झो, तर मग,” ती गोड आवाजात म्हणाली, “दोष आहे खरा. पण तो आमचा नाही, तुमच्या मेणबत्तीचा!”

* * *

आता शेवटचा. आमची लाईन आज चालू आहे ती यातल्या ऑर्डरमुळे.

जुनं मोठं गिऱ्हाईक जस्त सोडून पोलादाकडे वळलं होतं. नवं मिळालं नाही, तर लाईन बंद करायची, असं वरून सांगून झालं होतं. आशा एकच होती. हॅनोव्हरच्या प्रदर्शनात एका परदेशी टांकसाळीच्या संचालकबाई आमच्या स्टॉलवर येणार होत्या.

साळवी नमुन्यांची पेटी घेऊन आला. उघडली, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कारखान्यात दोन सारख्या करड्या पेट्या. एकीत निवडक, लखलखीत नमुने. दुसरीत नव्या तपासनिसांना शिकवायला जमवलेले झाडून सगळे दोष. फोड आलेली, छापाखाली मुलामा फाटलेली, डागाळलेली, तांबं बसलंच नाही अशी पांढरीफटक नाणी. त्यानं आणली होती ती ही!

“मी गाडीनं जाऊन आणतो,” साळवी म्हणाला.

“रस्त्यावर श्टाऊ आहे, गाड्या तुंबल्यात,” पेट्रा म्हणाली. “आणि त्या बघ, हॉलमध्ये आल्यासुद्धा.”

डॉर्नबुश पेटीत बघत उभे होते. आता ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे भिंग मागितलं. “मखमलीवर मांडा,” ते म्हणाले. “सगळी.” मग एक पुठ्ठा घेऊन त्यावर मोठ्या अक्षरांत स्वतः लिहिलं: ‘हे आम्ही विकत नाही.’

बाई आल्या. पांढरे केस, कडक चेहरा. पाटी वाचली, भिंग उचललं आणि एकेक नाणं बघायला लागल्या. हा फोड कशानं येतो, ही फाट कशी पडते, आम्ही ते कुठे पकडतो, मी सांगत गेले. कुठलं नाणं आपण कसं पकडलं, ते पेट्रा सांगत होती. शेजारच्या स्टॉलवरची माणसं आपले चकचकीत नमुने सोडून आमच्याकडे येऊन उभी राहिली.

शेवटी बाईंनी भिंग खाली ठेवलं.

“वाईट सगळी पाहिली,” त्या म्हणाल्या. “आता एक चांगलं दाखवा.”

मी साळवीकडे बघितलं. साळवीनं स्वतःच्या बुटांकडे.

डॉर्नबुशनी टाय सरळ केला.

“चांगलं?” ते म्हणाले. “चांगली आमच्याकडे राहतच नाहीत, मॅडम. ती सगळी गिऱ्हाइकांकडे असतात!”