पिल्लाचं माहेरपण

आमची कुत्री घरी आली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. बायकोला मी दोन महिन्यांची सांगितली. खोटं बोलायचंच तर फार मोठं बोलू नये, दुप्पट पुरे, असं माझं आपलं धोरण.

दिवाळीची सुट्टी संपवून लेक लातूरला क्लासला परत गेली होती. भूमच्या घरात आम्ही दोघंच. जवळच्या ईट गावी खवा आणायला गेलो, तर खव्याच्या भट्टीच्या उबेला एक कुत्री बारदानावर पाच पिल्लं घेऊन पडलेली. त्यातल्या एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका. गावातल्या एका मास्तरांचा तिच्यावर डोळा आहे असं कळलं आणि मला दम धरवेना.

भट्टीवाल्या ताई कढईत उलथणं फिरवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अवो भाऊ, लई बारकं हाय अजून. पंधरा दिस आईच्या अंगाखाली ऱ्हाऊ द्या.”

“ताई, आमच्याकडं लेकरासारखं राहील,” मी म्हणालो. “कुशीत घेऊन झोपू.”

घरी आल्यावर या लेकराला मी आधी काय केलं, तर बायकोच्या चंदनाच्या साबणानं आंघोळ घातली. अंगाला धुराचा आणि आंबट दुधाचा वास येत होता ना. ताईंनी आठवणीनं बारदानाचा तुकडा दिला होता, “ह्याच्यावर झोपवा, आईचा वास हाय.” तोही मी पावडरमध्ये भिजवून, पिळून, उन्हात वाळवला. एरवी स्वतःचा चहाचा कप न विसळणारा माणूस मी. आणि रात्री कुशीत घ्यायचं सोडून तिला त्या स्वच्छ बारदानासकट बाथरूममध्ये कोंडलं. कारण गादी नवी होती.

दिवा मालवला आणि आवाज सुरू झाला. भुंकणं नव्हे, नुसतं रडणंही नव्हे. बारीक, एकसुरी, कुणीतरी जवळ असेलच अशा भरवशानं मारलेली हाक. मी उठलो. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवली. शेजारी घड्याळ ठेवलं. पिल्लाला ते आईच्या काळजाच्या ठोक्यासारखं वाटतं, असं मोबाइलवर पाहिलं होतं. ती घड्याळापासून सरकत सरकत दाराशी आली आणि तिथं बसून हाका मारायला लागली.

“रडू दे,” मी पांघरुणात शिरत म्हणालो. “चार दिवसांत सवय होते.”

बायको उठून बसली. “पोरगी हॉस्टेलला गेली त्या रात्री फोनवर रडली, तेव्हाही हेच म्हणाला होतात. शब्दाला शब्द. आणि फोन ठेवून घोरायला लागलात.”

त्या रात्री मी घोरलो नव्हतो. पण ते सिद्ध करायची ही वेळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लानं वाटीतल्या दुधाला तोंड लावलं नाही. बायकोनं तिला उचललं, बोटानं ओठ वर करून दात पाहिले. तिच्या माहेरी मळ्यात कुत्र्यांचा राबता, तिला काय सांगणार?

“अहो, हे दोन महिन्यांचं?”

“जवळजवळ.”

“किती जवळ?”

“महिना.”

तिनं पिल्लाला शालीत गुंडाळलं आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली.

भट्टीवर ताई आम्हाला पाहून हसल्या. “काय भाऊ, माहेरपणाला आणली व्हय?”

बायकोनं पिल्लू खाली ठेवलं. ते झोकांड्या खात आईकडं धावलं. कुत्रीनं नाक लावलं, हुंगलं आणि गुरगुरली. मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. पिल्लू तिथंच, मधल्या मोकळ्या जागेत बसून राहिलं. आता हाकसुद्धा मारत नव्हतं. चंदनाचा वास माझ्यापर्यंत येत होता.

ताईंनी पिल्लू उचलून नाकाशी धरलं. “साबण लावला?”

मी मान हलवली.

“आईला लेक वळखू येईना असं करून ठिवलंत की हो.”

एवढंच म्हणाल्या. आयुष्यात पुष्कळांनी मला पुष्कळ सुनावलंय, पण असं लागलं नव्हतं. त्यांनी बाकीच्या पिल्लांखालचं बारदान ओढलं आणि त्यानं या पिल्लाचं अंग घासून काढलं, पाठ, पोट, कान. कोमट दुधाचे चार थेंब पाठीवर सोडले. मग त्याला कुत्रीपुढं ठेवून भट्टीकडं गेल्या. आम्ही दोघं उभेच. कुत्रीनं पुन्हा हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग चाटायला लागली, इतकी जोरात, की मी घातलेली आंघोळच ती खरवडून काढत होती म्हणा ना.

पिल्लू प्यायलं आणि पिता पिताच झोपलं. ताईंचं उलथणं कढईत खर्र-खर्र फिरत होतं. जळण सारायला त्या थांबल्या की पिल्लाचा कान हलायचा. उलथणं फिरलं की पुन्हा गाढ. हे मला दिसलं नाही, बायकोला दिसलं; तिनं वाटेत सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस पिल्लू तिथंच राहिलं, मी अधूनमधून बिस्किटं घेऊन जात होतो. कुत्री बिस्किटं खायची, माझ्याकडं बघायची नाही.

सोळाव्या दिवशी पिल्लू परत आणलं. आंघोळ नाही. न धुतलेलं बारदान नव्या गादीशेजारी, माझ्या उशाला. तरी दिवा मालवल्यावर तीच बारीक हाक आली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, लोखंडी कढई मांडीत घेतली आणि रिकाम्या कढईत उलथणं फिरवायला लागलो. खर्र-खर्र. हाक थांबली. मी थांबलो की सुरू. पुन्हा फिरवलं, पुन्हा शांत.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “बाबा, आज आली ना ती? झोपली का? आणि हा आवाज कसला?”

“रिकामी कढई. भट्टीवर ह्याच आवाजात झोपायची ती. म्हणून म्हटलं, इथंपण तोच…”

 हॉस्टेलच्या पहिल्या रात्रीबद्दल काहीतरी विचारावं असं मला फार वाटलं. तोंडातून आलं एवढंच, “जेवलीस का?”

“जेवले. बाबा, फोन ठेवू नका. बाजूला ठेवा नुसता. वाजवत राहा.”

मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. थोड्या वेळानं बारदानावरून आवाज येईना, फोनमधूनही येईना. हात भरून आला होता.

आतून बायको म्हणाली, “झाला का खवा?”

“न्हाय अजून,” मी हळूच म्हणालो, आणि उलथणं दुसऱ्या हातात घेतलं.