आहेराचं एकतिसावं पाकीट

मागच्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम पंधरा हजार पाचशे एकतीस रुपये. म्हणजे एकतीस पाकिटं, प्रत्येकी पाचशे एक. स्थळ हैदराबादच्या विद्यानगरातला एक हॉल, निमित्त आमच्या पल्लवीचा साखरपुडा. हजर माणसं चौसष्ट, आणि त्या चौसष्ट जणांसमोर सर्वांत मानाच्या पाहुणीला आहेर द्यायचा राहिला. (मी नाही, प्रोग्रॅम विसरला, असं मी तेव्हा म्हणालो. आता म्हणत नाही.)

मी हिशेब खात्यातला माणूस. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला प्रोग्रॅमिंग शिकायची हौस आली. तारनाक्याला दर रविवारी क्लास. वर्गात सगळी पल्लवीच्या वयाची मुलं. शिकवणारे सरसुद्धा मला "अंकल" म्हणत. दुसऱ्या आठवड्यात मी "नमस्कार सुमन" हे शंभर वेळा छापणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सौभाग्यवतींना दाखवला.

"एकदाच म्हणाला असतात तरी चाललं असतं," सुमन म्हणाली, "पण तोंडानं."

साखरपुडा ठरला तेव्हा क्लासला सहा आठवडे झाले होते. आमच्या घरात आहेराची यादी माझ्या वडिलांपासून लाल वहीत होते. मी जाहीर केलं की या वेळी यादी कॉम्प्युटर करील. नावं मी भरीन. तो एकेक चिठ्ठी छापील. चिठ्ठी पाकिटावर चिकटवली की काम झालं.

"वहीत लिहा हो," सुमन म्हणाली. "कायकू नसता उद्योग?"

"अगं, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही!"

यादीत मी फार विचार केला होता. पाकिटं तबकात एकावर एक रचायची, म्हणजे शेवटचं पाकीट सर्वांत वर येणार आणि सर्वांत आधी हातात येणार. म्हणून मी तिसावं नाव मुलाकडच्या गाडीचा ड्रायव्हर यादगिरी याचं ठेवलं आणि शेवटचं, एकतिसावं, आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे जावईबापूंच्या, निरंजनच्या, आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली. पुण्यात याच बाईंनी त्याला वाढवलं. "हैदराबादची मुलगी? घरात मराठी बोलतात ना?" असं विचारून त्यांनी हे लग्न तीन महिने अडवून धरलं होतं. त्यांचा होकार अजून ताजा होता, नुकत्याच दिलेल्या रंगासारखा. हात लागला की खराब!

शनिवारी दुपारी प्रोग्रॅम चालवला. चिठ्ठ्या भराभर आल्या आणि शेवटी ओळ आली, "एकूण ३१. बरोबर." मला भरून आलं. (ती ओळ मीच जशीच्या तशी लिहून ठेवली होती, याला मी त्या क्षणी महत्त्व दिलं नाही.)

सुमननं पाकिटं भरली. "अहो, एक पाकीट उरलं."

"दुकानदारानं एक जास्त दिलं असेल."

"सुलतान बाजारातला दुकानदार? जास्त?"

"देतो कधी कधी."

"आणि ही पाचशेची नोट पण उरली."

बँकेत त्या नोटा मी दोनदा मोजल्या होत्या. पण कॉम्प्युटरपुढे माझ्या मोजण्याची काय किंमत! बँकेनंच चूक केली असं मी ठरवलं, आणि सोमवारी प्रामाणिकपणे परत करायची म्हणून ती नोट त्या रिकाम्या पाकिटात घालून खिशात ठेवली.

रविवारी अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मी तबक घेऊन उभा राहिलो, सुमन कुंकवाचा करंडा घेऊन. "आता आमच्या घराचा पहिला मान," मी मोठ्यानं म्हणालो. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढे आल्या. मी वरची चिठ्ठी वाचली, "श्री. यादगिरी!"

दाराशी यादगिरी इडली खात होता. "मेरेकू बुला रै क्या साब?" हात पुसत तो आला आणि वाकून नमस्कार करून मान घेऊन गेला. माणूस मोठा सभ्य.

मी दुसरं पाकीट उचललं, तिसरं उचललं. आत्याबाई तिथंच उभ्या. मावशी झाल्या, काका झाले, काकांचे व्याही झाले. तबकाचा तळ दिसला.

"झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, यादीत तुम्ही आहात! तबकात सर्वांत वर येणार होतात! कॉम्प्युटरनं..."

"कॉम्प्युटरनं मला काढलं?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. लाल वही तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. पल्लवीचा चेहरा उतरला. तीन महिन्यांनी मिळालेला होकार परत जाताना मला दिसू लागला.

लॅपटॉप मी बरोबर आणला होता. (जावईबापूंना प्रोग्रॅम दाखवून चकित करायचं होतं. ते झालं.) निरंजननं तो उघडला, दहा सेकंद पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. "पल्लवी, तूच सांग," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही एकपासून एकतीसपर्यंत जा असं लिहिलंत. ही भाषा एकतिसाच्या दारापर्यंत जाते, आत जात नाही. तीसवरच थांबते. बत्तीस लिहायचं असतं."

"हे काय हिशेबाचं लक्षण? एकतीस म्हणजे एकतीस!"

"आहेरात पाचशेवर एक रुपया घालता की नाही? तसाच इथं वरचा एक घालायचा!"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. बँकेला परत करायचं ते पाकीट बाहेर काढलं. आत नोट, बाहेर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं, नाव कोरं. सुमननं आत्याबाईंना कुंकू लावलं, मी दोन्ही हातांनी पाकीट दिलं आणि वाकलो. इतका वाकलो, की उठायला निरंजननं हात दिला.

आत्याबाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. मग नखानं ते नाणं सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "पाचशे मी घेते. हा वरचा एक तुमच्या कॉम्प्युटरला द्या. बिचाऱ्याला कमी पडतो." आणि पहिल्या त्याच हसल्या. पल्लवीला जवळ घेऊन म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. आईवर गेली असेल."

अखेरचा हिशेब असा: यादगिरी धरून तीस जणांना प्रत्येकी पाचशे एक, आत्याबाईंना पाचशे, आणि प्रोग्रॅमिंगमधली माझी आजवरची एकूण कमाई, रुपये एक, मला. लाल वहीत सुमननं लिहून ठेवली आहे.