सूनमुखाचा फुटलेला आरसा

जुलै २००२, मंगळवार, सकाळी अकरा. स्थळ : शाहूपुरीतलं आमचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. हजर : मी, कॉम्प्युटरवर; माझे यजमान, लग्नात कॅमेरा त्यांचा होता; हुपरीचे वधूपिता, पैंजण घडवणारे; आणि गडहिंग्लजच्या वरमाई, हातात लग्नाची कॅसेट घेऊन.

तेव्हा एक प्रसंग संपून दुसरा नुसता सुरू झालेला कुणालाच चालत नसे. मधे पान उलटायला हवं, पाकळ्या पडायला हव्यात, बदाम उघडायला हवा. नाहीतर लोक विचारत, "मिक्सिंग केलंय का न्हाय?" गोंधळ नको म्हणून मी वहीत यादी करायची. डावीकडे विधी, उजवीकडे इफेक्ट. अक्षतांना पाकळ्या, सप्तपदीला पान, वरातीतल्या नाचाला फुटणारी काच. पडद्यावर खळ्ळकन चुरा झाला की नाचणारे खूश.

या लग्नात वराकडच्यांनी सूनमुखही घ्यायला सांगितलं, ते यादी झाल्यावर. मी डावीकडे एक ओळ घुसवली. उजवीकडे घुसवायची राहिली. तिथून पुढे सगळे इफेक्ट एका ओळीनं सरकले. जोडीच्या फोटोंसाठी ठेवलेला बदाम वरातीतल्या घोड्याला मिळाला. त्याची तक्रार आली नाही. पण सासू-सुनेची तोंडं एका आरशात आली, आणि त्यावर खळ्ळकन काच फुटली. वरमाईंनी ती कॅसेट गल्ली जमवून लावली होती.

"अक्का, माझा आरसा फोडलासा की!" त्या दारातूनच म्हणाल्या.

"विहीणबाई, कॉम्प्युटरचा आरसा हाय त्यो," वधूपिता समजावू लागले.

"आरसा कॉम्प्युटरचा असंल, तोंड माझं हाय. बायका म्हणत्यात, सुनेनं पाय ठेवला आन् सासू फुटली. आता पंचमीला माह्यारी धाडायची न्हाय म्हंजे न्हाय."

वधूपित्यांचा चेहरा उतरला. लेकीची पहिली पंचमी. हुपरीत झोपाळा बांधून झाला होता.

"मी फक्त कॅमेरा धरतो," यजमान म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

चूक माझी, यादी माझी. मी खुर्ची ओढली. "बसा. तुम्हीच निवडा."

मी एकेक इफेक्ट लावून दाखवू लागले. पान उलटलं. "मला उलटून टाकलं व्हय?"

चित्र भिरभिरत गेलं. "उडवून लावताय?"

बदाम उघडला. "सासू-सुनंला? ह्या वयात?"

मग दोन फळ्यांचं दार सावकाश उघडलं. त्या पुढे सरकल्या. "हे ऱ्हाऊ दे. सून यायची म्हंजे दार उघडायलाच पायजे की."

तीन सेकंदांचं ते दार तयार करायला आमच्या कॉम्प्युटरला वीस मिनिटं लागली. एक चहा झाला, दुसरा झाला. वधूपिता पडद्यावरची सरकती पट्टी बघत उभेच होते.

शेवटी दार उघडलं. आत आरसा, आरशात दोघी. काचेच्या चुऱ्यात झाकलेलं आता दिसलं. सून कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आरशातल्या सासूकडे बघून हसत होती.

"परत लावा," वरमाई म्हणाल्या. तीनदा लावलं.

"हसत हुती व्हय ही? मला वाटलं, भ्यालीया." त्यांनी पदर सावरला आणि व्याह्यांकडे वळल्या. "पंचमीला न्या तिला. पर त्या फुटक्या कॅसेटी सगळ्या माघारी पायजेत. एक बी कुठं दिसली न्हाय पायजे."

मी वहीत लिहिलं : प्रती तीन. गडहिंग्लजची हातात होती, ती घेतली. हुपरीची दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. तिसरी वारणानगरला, वरमाईंच्या भाचीकडे. मुलगी पंचमीला आली, झोके घेऊन परत गेली, तरी ती कॅसेट आली नाही. यजमान दोनदा जाऊन आले. भाची म्हणाली, "पावणं आलं की आम्ही तेवढंच तर लावतो, आत्तीचा आरसा! देतो की नंतर."

त्या सुनेची मुलं आता शाळेत जातात. कॅसेट जाऊन सीडी आली. नवी वही घातली की जुन्या वहीतलं न खोडलेलं आधी उतरवायचं, हा माझा नियम. यंदाही पहिली ओळ तीच : वारणानगरची कॅसेट आणणे.