मध्यस्थाचं तोंड

नळ आला होता. आमच्या सेलूत नळ आला की बाईला दुसरं काही सुचत नाही. पाण्याचे गुंड भरा, बादल्या भरा, टाकी वाहून जाते का ते पाहा. एका हातात पाइप धरून मी ओट्यावर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते आणि हे टॉवेलवरच उभे राहून मला मोजे विचारत होते. मोजे दोरीवरच होते, त्यांच्या डोक्याच्या वर. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात बंडूजी. अर्ध्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, उजवा गाल फुगून डोळ्यापर्यंत आलेला. त्या दिवशी त्यांचं डायलिसिस नव्हतं, म्हणजे खरं तर ते घरी झोपलेले असायला हवे होते. मी आत या म्हटलं, तर दाराजवळच्या खुर्चीवरच टेकले. यांना मोजे सापडले, यांनी पोहे खाल्ले, बंडूजींची विचारपूस केली आणि शाळेत निघून गेले. बंडूजी तसेच बसून होते. बोलायचं काहीतरी होतं, पण ते माझ्याशी एकटीशीच.

बंडूजी म्हणजे आमच्या भागातले लग्नाचे मध्यस्थ. शेती भाऊ पाहतो, घर त्यांची बायको छायाबाई पाहते, आणि बंडूजींनी जन्मभर लोकांच्या सोयरिकी पाहिल्या. माझीही त्यांनीच जुळवली. त्यांची एक रीत होती. बैठकीत चार लोकांसमोर ते कामाचं बोलायचेच नाहीत. तिथं फक्त पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन. कामाचं सगळं कानात. मुलाच्या बापाला गोठ्याकडे न्यायचं, मुलीच्या आईला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठायचं, आणि अगदी जवळ जाऊन हळूच सांगायचं. पोरगा कधीमधी घेतो, पोरीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असलं सगळं. आणि उत्तर कधी तोंडानं मागायचं नाही. समोरच्यानं मान डोलावली तर होकार, तोंड फिरवलं तर नकार. ‘नाही’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघू द्यायचा नाही. म्हणजे उद्या तीच माणसं आर्वीच्या बाजारात समोरासमोर आली तरी रामराम करू शकतात.

त्यांच्या किडन्या गेल्या त्या शुगरनं. तेव्हापासून आठवडा मशीनच्या मालकीचा. पहाटेची एसटी पकडून वर्ध्याला जायचं, छायाबाईंच्या हातात डबा आणि चादर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, मग मशीनवर पडायचं. परतीच्या बसमध्ये त्यांना भर उन्हात थंडी वाजते. दुसरा दिवस झोपेत जातो. जरा उठून बसावं, कोणाकडे जावं असं वाटेपर्यंत परत चादर घडी करायची वेळ. छायाबाई एकदा मला म्हणाल्या होत्या की त्यांना आता वार आठवत नाहीत, ‘जायचा दिवस’ आणि ‘आल्याचा दिवस’ एवढंच आठवतं.

मी चहा ठेवते म्हटलं तर त्यांनी हात हलवला. पाणीही नको. चहा घेतला तर तो दिवसाच्या मोजलेल्या पाण्यात धरावा लागतो आणि मग रात्री गोळीला पाणी उरत नाही.

“गालाचं काय झालं?” मी विचारलं.

दाढ सडली होती. ती काढायला ते गेले होते. दातांच्या डॉक्टरनं तोंडात पाहिलं आणि सांगितलं की डायलिसिसवाल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, मशीनवर रक्त पातळ करायचं औषध देतात, दाढ काढली आणि रक्त थांबलंच नाही तर काय करायचं. तो बरोबरच बोलला. डायलिसिसवाल्या डॉक्टरांना विचारायला गेले तर ते त्या दिवशी सुट्टीवर. पुढच्या खेपेला डॉक्टर होते, त्यांनी मशीनच्या दुसऱ्या दिवशी काढा म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी बंडूजींना उठवत नाही. उठले तर बस मिळत नाही, बस मिळाली तर दातांची ओपीडी बंद झालेली. एका दाढेपायी दिवाळी उलटून गेली, दाढ तशीच. तोवर गोळ्या खा आणि पातळ खिचडी गिळा.

“घासता तरी का दात?” मी विचारलं. बोलताना त्यांचा दुपट्टा जरा सरकला होता आणि मला पाइप बघायच्या निमित्तानं मागे सरकावं लागलं होतं. कुजक्या दाढेचा वास वेगळा असतो, हा त्याहून उग्र होता, गोठ्यात मूत साचल्यासारखा.

ते म्हणाले, बोटानं कोरडंच मंजन लावतो आणि दुपट्ट्यानं पुसून टाकतो. चूळ भरत नाही.

“काऊन?”

“छाया सकाळी तांब्याभर पाणी भरून ठेवते जी. दिवसभराचं तेवढंच. चूळ त्याच्यातच आली ना.”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्या म्हटलं होतं, आणि छायाबाईंनी तोंडात जाणारं सगळंच पाणी मोजायला घेतलं. चूळ थुंकली तरी तोंड थोडं पाणी पितंच, असं त्यांना वाटलं. मग नवरा-बायकोंनी मिळून ठरवलं की चुळीचं पाणी वाचवून तेवढा घोटभर चहा घ्यावा. वर तहान मारायला दिवसभर गालात पेपरमिंटच्या गोळ्या. खिशात आताही होत्या. मी त्यांना सांगितलं की थुंकलेलं पाणी मोजायचं नसतं, पोटात गेलं तेच मोजायचं, आणि ही गोड गोळी आधी फेकून द्या, हिनंच दाढ खाल्ली.

त्यांनी नळाकडे पाहिलं. पाणी गुंडावरून वाहायला लागलं होतं. मी धावत जाऊन पाइप बादलीत टाकला.

“कोणी सांगतलंच नाई,” एवढंच म्हणाले.

मी त्यांना मोरीशी नेलं, पेलाभर कोमट पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली आणि थुंकताना घाबरून माझ्याकडे पाहिलं, काही गिळलं तर नाही ना, असं. थुंकीत रक्त होतं. मी पाणी ओतून दिलं. ते पुन्हा येऊन खुर्चीवर बसले, या वेळी खुर्ची जरा मागे सरकवून.

मग खरं काय ते सांगायला लागले. आर्वीचे प्रभाकरराव, बियाण्याचं दुकान असलेले, त्यांच्या मुलासाठी बंडूजींनी गिरडच्या अनुसयाबाईंची वर्षाली सुचवली होती. दुखण्यात घेतलेलं हे एकच काम. पोरीचा बाप वारलेला, तिचं बारावीनंतर नर्सिंग झालेलं, घर चांगलं. दोन्हीकडची पाहणी झाली. मग बंडूजी आर्वीला गेले, प्रभाकररावांना दुकानामागच्या पोत्यांकडे नेलं, कानाशी लागले आणि विचारलं, पोरीकडचे साक्षगंध-साखरपुडा कधी करायचा म्हणून विचारतात, काय सांगू. प्रभाकररावांनी झटकन तोंड फिरवलं. रुमाल नाकाशी नेला.

बंडूजींना जे समजायचं ते समजलं. त्यांनी गिरडला फोन करून कळवलं की तिकडून नाही म्हणतात, मन छोटं करू नका.

“इतक्या वर्षांत तोंड फिरवणं म्हंजे नाई. मले दुसरं काई ठावूकच नाई जी.”

परवा प्रभाकररावांचाच फोन आला. चांगलेच तापलेले. म्हणे आमची पसंती पक्की होती, तुम्ही परस्पर सोयरीक तोडली कशी, दुसऱ्या कोणाकडून जास्तीचे पैसे खाल्ले का. बंडूजींनी रुमालाचं विचारलं. पलीकडचा आवाज उतरला. मग म्हणाला, बंडूजी, तुमच्या तोंडाचा वास सहन नाई होत हो.

हे सांगताना बंडूजींनी दुपट्टा परत वर ओढला. आधी त्यांना वाटायचं की लोक रोगाला भितात. म्हणून ते ज्याच्या त्याच्या जवळ जाऊन सांगायचे, हा रोग लागत नाई जी. जितकं जवळ जाऊन सांगायचे तितके लोक मागे सरकायचे. घरी छायाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मले सवय झाली.

बंडूजींनी लगेच गिरडला होकार कळवला, पण आता अनुसयाबाई ऐकून घेत नव्हत्या. फोनवर म्हणाल्या, एकदा नाही म्हणून आता हो म्हणतात, माझी पोरगी काय भाजी आहे का. दुसऱ्या ठिकाणचे पाहुणे रविवारी यायचे आहेत, आणि वर्षाली दोन दिवस जेवली नाही.

मी म्हटलं, फोनवरच खरं काय ते सांगून टाका ना.

“सोयरीक फोनवर तुटते, वहिनी. जुळत नाई. अन् फोन पोरीचा भाऊ उचलते, स्पीकरवर ठेवते, सारं घर ऐकते. माह्या तोंडाचं मी त्याइले कसं सांगू? जावाच लागन. पण अनुसयाबाईच्या जवळ जाऊन सांगतलं तं तीबी तोंड फिरवन.”

नळ गेला होता. पाइपातून नुसती हवा येत होती. बंडूजींनी दुखरा गाल हातात धरला आणि माझ्याकडे न पाहता बोलले.

“उद्या मशीन आहे. परवा मी कसाबी उठतो. तुम्ही संग चला गिरडले. मी बाहेर बसतो. तुम्ही आत जाऊन अनुसयाबाईच्या कानात एवढंच सांगा, का त्या लोकाइनं पोरगी नाकारली नव्हती.”